दुष्काळ, प्लेग आणि केडगावची प्रार्थना

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी जाहीर झाली आणि पनवेलच्या खांदा कॉलनीसारख्या नोकरदारांच्या वसाहतीतून रोज पहाटे मुंबईकडे निघणारा माणसांचा लोंढा काही दिवसांतच थांबला. लोकलगाड्या बंद पडल्या, इमारतींच्या फाटकांना कुलपे लागली आणि ज्या शेजाऱ्याकडे विरजण मागायला जावे त्याच्या खोकल्याचीच धास्ती वाटू लागली. देवळे, मशिदी आणि चर्च यांची दारेही मिटली. प्रार्थना घराघरांतून चालू राहिली; परंतु बहुतेक ठिकाणी तिचा आशय एकच होता, तो म्हणजे संकटाने आपला उंबरा ओलांडू नये. यात गैर काही नाही. भ्यालेला माणूस आधी आपल्या लेकराबाळांचाच विचार करणार. तथापि भयाच्या काळात प्रार्थना उंबऱ्याबाहेर पडते तेव्हा तिचे काय रूप होते, याचे महाराष्ट्रातील सर्वांत ठळक उदाहरण पनवेलपासून फार लांब नाही. कर्जत-पुणे मार्गाने दौंडकडे जाणाऱ्या गाड्या ज्या केडगाव स्टेशनावरून पुढे जातात, त्या केडगावी पंडिता रमाबाईंनी उभारलेले मुक्ती मिशन आजही चालू आहे.

रमाबाई पाठ्यपुस्तकांतून सर्वांना ठाऊक आहेत. पण तेथे त्या संस्कृत पंडिता आणि स्त्रीशिक्षणाच्या पुरस्कर्त्या म्हणून भेटतात. त्यांच्या ख्रिस्ती श्रद्धेचा उल्लेख एका वाक्यात, काहीशा संकोचानेच केला जातो. धर्मांतराचा राग अथवा कौतुक यांपलीकडे जाऊन त्या श्रद्धेचा त्यांच्या कामाशी काय संबंध होता, हे पाहण्याची तसदी फारशी कोणी घेत नाही. वस्तुतः १८९६ नंतरच्या रमाबाई त्यांच्या प्रार्थनेवाचून समजतच नाहीत. आणि ती प्रार्थना समजायची तर त्यांच्या बालपणापासून आरंभ करावा लागतो.

२३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या रानात त्यांचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे संस्कृतचे गाढे विद्वान होते. पत्नीला संस्कृत शिकविल्याबद्दल त्यांना धर्मपंडितांच्या सभेला तोंड द्यावे लागले होते. अतिथी आणि विद्यार्थी यांच्या सरबराईत मालमत्ता संपली, आणि पुढे सारे कुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत देशभर हिंडू लागले. मिळालेल्या दक्षिणेतून पोटापुरते ठेवावयाचे आणि उरलेले देवाब्राह्मणांना द्यावयाचे, असा त्यांचा परिपाठ होता. मुलांना शास्त्रे मुखोद्गत होती; पोट भरण्याचा दुसरा कोणताही धंदा येत नव्हता. १८७४ च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळाने त्यांना गाठले, तेव्हा या विद्वान कुटुंबाची स्थिती कोणत्याही शेतमजुराहून वाईट झाली. शेतमजुराला निदान मजुरी मागण्याची लाज वाटत नाही. भीक मागणे आणि हलके काम करणे, दोन्ही अशक्य वाटणारी ही माणसे दागिने आणि भांडी विकून, व्रतवैकल्ये करीत देवाच्या कृपेची वाट पाहत राहिली.

अखेरीस ती रानात शिरली. अकरा दिवस झाडपाला आणि रानखजूर यांवर काढल्यावर वृद्ध, दृष्टी गेलेल्या अनंतशास्त्र्यांनी पवित्र तळ्यात देह ठेवण्याचा निश्चय केला आणि एकेका मुलाचा निरोप घेतला. मुलगा श्रीनिवास याने प्रतिष्ठा बाजूला ठेवून मजुरी करण्याची तयारी दाखविली, म्हणून तो प्रसंग टळला. परंतु शास्त्रीबोवा त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत. काही आठवड्यांनी आई लक्ष्मीबाई गेली. तिला स्मशानात न्यावयास चार खांदेकरी मिळेनात. दोन ब्राह्मणांना दया आली, तिसरा श्रीनिवास आणि चौथी सोळा वर्षांची रमा. उंची कमी असल्यामुळे तिला आईच्या तिरडीचा भार खांद्याऐवजी डोक्यावर घ्यावा लागला. त्यानंतर मोठी बहीणही गेली. उरलेली दोन भावंडे हजारो मैल पायी हिंडली. पंजाबात झेलमच्या काठी अंगावर पुरेसे कपडे नसल्याने थंडीपासून बचाव करण्यासाठी त्यांनी थडग्यासारखे दोन खड्डे खणले आणि डोके तेवढे बाहेर ठेवून अंगावर वाळू ओढून रात्र काढली.

रमाबाईंनी हे सारे पुढे स्वतः लिहून ठेवले आहे, आणि तेही अश्रू न ढाळता. त्या आठवणींत भुकेपेक्षाही दुसरी एक गोष्ट अधिक बोचरी आहे. ज्यांनी जन्मभर देवाला सर्वस्व वाहिले, त्यांची कोणतीही प्रार्थना फळाला आली नव्हती. दोन्ही भावंडांची श्रद्धा त्या पायपिटीत हळूहळू झिजली. प्रार्थनेने सगळे ठीक होते, असा भाबडा विश्वास पुढील आयुष्यात रमाबाईंनी बाळगला असेल, असे मानण्यास म्हणूनच जागा नाही. प्रार्थना करूनही माणसे उपाशी मरतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते.

पुढील दहा वर्षांतल्या घटना सुपरिचित आहेत. १८७८ मध्ये कलकत्त्यास पंडितांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ वारला; त्याच वर्षी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांनी जातीची बंधने तोडून विवाह केला. १८८१ मध्ये मनोरमा जन्मली आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने पतीला नेले. तेविसाव्या वर्षी तान्ह्या मुलीसह विधवा झालेल्या रमाबाई पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापन करून पुढील वर्षी इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. अमेरिकेतील स्नेह्यांनी दहा वर्षे मदत करण्याचे वचन दिले. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि पुढील वर्षी ते पुण्यास हलले. सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई हिच्याशी पुढे धोंडो केशव कर्वे यांनी विवाह केला.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. बाप्तिस्म्याने रमाबाईंना मनःशांती मिळाली नव्हती. इंग्लंडमधील भगिनींशी त्या सिद्धांतांवरून वाद घालीत राहिल्या. क्रूसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, संस्कृत का नकोत, असे विचारीत राहिल्या. धर्म बुद्धीला पटला होता, पण त्याचा आधार वाटत नव्हता. तो आधार त्यांना मिळाला १८९१ च्या सुमारास, बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी. ख्रिस्ती धर्म आपल्याला आधी सापडला आणि ख्रिस्त नंतर, असा त्यांच्या आत्मनिवेदनाचा आशय आहे. आईबापांना जाळणारा तो हिशेब, म्हणजे इतके पुण्य केले की इतकी कृपा मिळेल, हा त्यांच्या मनातून त्या वेळी गेला. कृपा आधीच दिलेली आहे आणि ती मिळविण्यासाठी काही करावयाचे नाही, ही जाणीव त्यांना दिलासा देऊन गेली. आता जे करावयाचे ते दुसऱ्यांसाठी.

या दिलाशाची किंमत लगेच मोजावी लागली. शारदा सदनात धर्माच्या बाबतीत तटस्थता राखण्याचे वचन दिलेले होते. रमाबाई आपल्या खोलीत मनोरमेला घेऊन प्रार्थना करीत. खोलीचे दार उघडे असे आणि काही मुली आपणहून येऊन बसत. यावरून पुण्यात वादळ उठले. केसरीने कठोर टीका केली, १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि पालकांनी अनेक मुली काढून नेल्या. रमाबाईंनी दार लावून घेतले नाही. त्यांच्या धैर्याचे कौतुक करताना दुसऱ्या बाजूचेही म्हणणे ऐकले पाहिजे. ज्या विधवेचे केस कापून तिला घराच्या कोपऱ्यात बसविले होते, तिला प्रेमाने वागविणारी बाई जेव्हा उघड्या दाराआड गुडघे टेकते, तेव्हा ते दार तटस्थ राहत नाही. रानडे-भांडारकरांसारखी माणसे संकुचित म्हणून बाजूला झाली नव्हती. दिलेल्या शब्दाचा अर्थ त्यांनी निराळा लावला होता.

१८९६ मध्ये लोणावळ्याच्या एका ख्रिस्ती मेळाव्यास रमाबाई आपल्या पंधरा मुलींना घेऊन गेल्या होत्या. तेथे पहाटे एकांतात त्यांनी देवाजवळ एक विलक्षण मागणी केली. या पंधरांचा वर्ग व्हावा, म्हणजे मुली दोनशे पंचवीस व्हाव्यात. सदनात तेवढ्यांना जागाही नव्हती. काही महिन्यांतच मध्य प्रांतातून दुष्काळाच्या बातम्या येऊ लागल्या.

दुष्काळ म्हणजे धान्याचा अभाव, अशी सर्वसाधारण समजूत असते. १८८० च्या दुष्काळ आयोगालाही उमगले होते की बहुधा अभाव असतो तो कामाचा आणि म्हणून मजुरीचा. अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये हाच विचार शास्त्रीय पायावर मांडला. बाजारात धान्य असते, पण ते विकत घेण्याची ऐपत नाहीशी होते. सरकारच्या नियमावलीनुसार मदतकामे निघत आणि खडी फोडण्याइतकी ताकद असलेल्यांना मजुरी मिळे. ती नसलेल्यांसाठी अन्नछत्रे आणि अनाथगृहे असत. या रचनेत सर्वांत तळाशी होती ती एकटी पडलेली तरुण मुलगी. तिच्यापाशी विकण्यासारखे काहीच नव्हते, आणि तिलाच विकत घेऊ पाहणारे मात्र मदतकामांच्या आसपास घिरट्या घालीत होते. रमाबाईंनी हे जाऊन पाहिले आणि स्पष्ट लिहिले. आकडेवारी मांडणाऱ्या अधिकाऱ्यांना जे दिसले नाही ते त्यांना दिसले, कारण बावीस वर्षांपूर्वी त्या स्वतः अशाच एका रानात होत्या.

जावे की न जावे, याविषयी त्या आधी बराच काळ कचरल्या होत्या. हाती पैसा नव्हता. अमेरिकेतील मदत शारदा सदनासाठी होती, दुष्काळासाठी नव्हती. प्रार्थनेत त्यांना बळ मिळाले असे त्या सांगतात, आणि त्याचा परिणाम म्हणून पुढचे सारे करावे लागले: आगगाडीचे तिकीट काढणे, मदतछावण्यांतून फिरणे, अधिकाऱ्यांशी बोलणे, खरजेने आणि उवांनी भरलेल्या मुलींना हाती धरून पुण्यास आणणे. सुमारे ३०० मुली आणि स्त्रिया त्यांनी सांभाळण्यासाठी घेतल्या. लोणावळ्याची मागणी मागे पडली होती.

पण त्या पुण्यास आणल्या तेव्हा पुण्यात प्लेग होता. माणसे घरे सोडून पळत होती आणि प्लेगपेक्षाही घरझडतीचे भय अधिक होते. शहरात नव्या मुली ठेवण्यास अधिकाऱ्यांनी मनाई केली. तेव्हा रमाबाईंनी त्यांना केडगावच्या माळावर नेले. तेथे सुमारे शंभर एकर जमीन त्यांनी आधीच घेऊन ठेवली होती. आंबा, संत्री आणि लिंबू यांची बाग लावावी, म्हणजे दहा वर्षांची मदत १८९८ मध्ये संपल्यावर सदनाला स्वतःचे उत्पन्न राहील, असा त्यामागील हिशेब होता. फळे येण्याआधी तेथे माणसे आली. तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या.

याच वेळी घडलेला एक प्रसंग फारसा सांगितला जात नाही. सदनातील एक मुलगी आजारी म्हणून सरकारी प्लेग-व्यवस्थेच्या ताब्यात गेली आणि तिची अब्रू तेथे राखली गेली नाही, असा आरोप रमाबाईंनी बॉम्बे गार्डियन या पत्रातून केला. ते साल १८९७ होते. सत्ता ख्रिस्ती राज्यकर्त्यांची होती, रमाबाई स्वतः ख्रिस्ती होत्या आणि त्यांचे बहुतेक साहाय्यक गोरे होते. गप्प बसणे सर्व दृष्टींनी सोयीचे ठरले असते. प्रकरण ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेले. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी आरोप नाकारले. रमाबाईंनी आपले म्हणणे मागे घेतले नाही. प्रार्थना करणारी माणसे अन्यायापुढे डोळे मिटून घेतात, हा आक्षेप निदान येथे तरी लागू पडत नाही.

१८९९-१९०० मध्ये पाऊस पुन्हा दगा देऊन गेला. गुजरातेत तो छप्पनचा दुष्काळ म्हणून आजही ओळखला जातो. रमाबाईंची माणसे तिकडे गेली आणि केडगावची वस्ती सुमारे १,९०० वर पोहोचली. एवढ्या माणसांना दोन वेळचे अन्न देणे, त्याहून कठीण म्हणजे पिण्याचे पाणी पुरविणे, हा प्रश्न साऱ्या पुणे जिल्ह्यातच पाऊस नसलेल्या वर्षी कोणत्याही व्यवस्थापकाची झोप उडविणारा होता. कितीतरी मुली आल्या त्याच मुळी मरणाच्या दारातून, आणि त्यांतल्या काही वाचल्या नाहीत.

पैसा कोठून येत होता? ब्रिस्टलला जॉर्ज म्यूलर यांनी कोणापुढेही हात न पसरता केवळ प्रार्थनेच्या बळावर हजारो अनाथ मुले सांभाळली, हे रमाबाईंनी वाचले होते. तिकडे हे होऊ शकते तर हिंदुस्थानात का नाही, हा प्रश्न त्यांच्या मनात घर करून बसला. ठेवी नाहीत, ठरलेले अनुदान नाही, असा मुक्तीचा कारभार पुढे चालला, आणि गरजेच्या वेळी मदत पोहोचल्याचे त्यांनी वारंवार लिहिले आहे. श्रद्धावंत याला चमत्कार म्हणतील. हिशेबी माणूस एवढेच म्हणेल की हा पैसा आकाशातून पडत नव्हता. रमाबाईंचे नाव दोन खंडांत ठाऊक होते. त्यांच्या कामाचे वृत्तांत नियमाने छापले जात. केडगावहून निघणाऱ्या मुक्ती प्रेअर बेल या पत्रकातून गरजा आणि बातम्या दूरवर पोहोचत. विश्वासार्हता हेही एक भांडवलच असते, आणि ते रमाबाईंनी वर्षानुवर्षांच्या काटेकोर वागण्यातून जमविले होते. या दोन स्पष्टीकरणांत विरोध आहे असे त्यांना स्वतःला वाटले नसते. फळबाग लावणे आणि देवाकडे भाकर मागणे, ही कामे त्यांनी एकाच वेळी केली.

फुकट खाऊ घालून हे चालणारे नव्हते, हेही त्या जाणून होत्या. शिवण, विणकाम, तेलाचा घाणा, दुग्धशाळा, शेती आणि छापखाना यांत स्त्रिया कामे शिकल्या. कृपा सदन समाजाने पतित ठरविलेल्या स्त्रियांसाठी होते. आंधळ्यांसाठी वेगळे सदन निघाले आणि मनोरमाबाईंनी त्यांना ब्रेल लिपी शिकविली. दुष्काळातून ज्यांना कोणी उचलणार नाही, त्यांतही आंधळी मुलगी शेवटची. तिच्या हाती वाचण्याची कला देणे हे त्या काळी विलक्षणच होते.

जानेवारी १९०५ मध्ये रमाबाईंनी मुलींना रोज आपल्यासोबत प्रार्थना करण्याचे आवाहन केले. प्रथम सुमारे ७० जणी आल्या. जूनपर्यंत दिवसातून दोनदा जमणाऱ्यांची संख्या ५५० वर गेली. नावांच्या याद्या करून, कधीही न पाहिलेल्या हजारो माणसांसाठी एकेकाचे नाव घेऊन त्या प्रार्थना करीत. जूनच्या अखेरीस तेथे भावनेचा जो उद्रेक झाला, रडणे, मोठमोठ्याने पापे कबूल करणे, वर्ग बंद पडणे, त्याने मिशनरी मंडळीतही मतभेद झाले. कोणाला त्यात पवित्र आत्मा दिसला, कोणाला केवळ उन्माद. बाहेरच्या माणसाने याचा निकाल देण्याची घाई करू नये. परंतु नावांच्या त्या याद्या मात्र विचार करावयास लावतात. ज्या मुलींचे नाव पाच-सात वर्षांपूर्वी कोणी विचारीत नव्हते, ज्यांच्या मरणाची नोंद एका आकड्यापलीकडे झाली नसती, त्या आता दुसऱ्यांची नावे घेत होत्या. घेणाऱ्याच्या जागेवरून देणाऱ्याच्या जागी येणे, हा अनुभव भाकरीइतकाच माणसाला उभे करतो.

एक गंभीर प्रश्न तरीही उरतो. भुकेल्या मुलीला अन्न आणि धर्म एकाच हातातून मिळाला, तर तिची निवड कितपत स्वतंत्र मानावी? रमाबाईंच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण हेतूच्या शुद्धतेने हा प्रश्न मिटत नाही. मुक्तीमध्ये शारदा सदनातील तटस्थतेचे बंधन उरले नव्हते आणि तेथे आलेल्या बहुसंख्य मुली ख्रिस्ती झाल्या. हेही खरे, की या आव्हानाने इतरांना जाग आली. लाला लजपतराय यांनी त्याच दुष्काळांत हिंदू अनाथ मुलांसाठी पंजाबातून मदतीची चळवळ उभारली. कर्व्यांचा विधवाश्रम १८९६ चा आणि तो १९०० मध्ये हिंगण्यास गेला. ज्यांनी रमाबाईंना दोष दिला, त्यांच्यापैकी ज्यांनी स्वतः एक तरी दार उघडले त्यांचा आक्षेप वजनदार. बाकीच्यांचा तितकासा नाही.

पोशाख पांढऱ्या लुगड्याचा, आहार शाकाहारी, कानांनी पुष्कळ कमी ऐकू येणारे, अशा स्थितीत रमाबाईंनी शेवटची सुमारे अठरा वर्षे आणखी एका कामात घालविली. हिब्रू आणि ग्रीक या भाषा शिकून त्यांनी संपूर्ण बायबल मराठीत आणले. संस्कृतवर प्रभुत्व असलेल्या या पंडितेने त्यासाठी भाषा निवडली ती खेड्यातील अल्पशिक्षित बाईला समजेल अशी. मुलगी मनोरमा हीच संस्था पुढे चालविणार होती. ती जुलै १९२१ मध्ये वारली. ज्यांनी आईची तिरडी डोक्यावरून नेली होती, त्यांनी आता एकुलत्या मुलीला निरोप दिला आणि मुद्रितांचे वाचन चालूच ठेवले. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथेच त्यांचे देहावसान झाले. मुक्तीच्या छापखान्यात तेथल्या स्त्रियांनी छापलेले ते बायबल १९२४ मध्ये बाहेर पडले.